घोड-कुकडीच्या खोऱ्यातून समाजशास्त्राकडे

१

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. आसपासच्या शिवारांत पसरलेल्या अशा ३० तबकड्या मिळून एक रेडिओ दुर्बीण होते. दूरच्या आकाशगंगांचे आणि स्पंदक ताऱ्यांचे संकेत इथे टिपले जातात. आपल्याविषयी शास्त्रज्ञ काय लिहितात याची त्या ताऱ्यांना खबर नसते. शोधनिबंध चुकला तरी तारा चाल बदलत नाही आणि बरोबर आला तरी त्याला त्याचे सोयरसुतक नसते.

याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला आणि शेजारच्या आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी समाज राहतो. त्याच्याविषयी जवळजवळ दोनशे वर्षे लिहिले जात आहे. आधी लष्करी अधिकाऱ्याने लिहिले, मग गॅझेटियरकारांनी, मग मुंबईच्या प्राध्यापकाने, मग याच समाजातल्या एका संशोधकाने. या लिखाणाची समाजाला पुरती खबर आहे. त्यातल्या एखाद्या परिच्छेदावर कुणाचा जमातीचा दाखला टिकतो आणि कुणाचा रद्द होतो, हेही त्याला माहीत आहे.

समाजशास्त्र हे शास्त्र आहे का, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. उत्तरही ठरलेले असते. निरीक्षण, वर्गीकरण, कार्यकारण, वस्तुनिष्ठता असे चार मुद्दे ‘होय’च्या बाजूला, प्रयोग करता येत नाहीत, भाकीत करता येत नाही असे दोन ‘नाही’च्या बाजूला, आणि शेवटी ‘म्हणून ते एक सामाजिक शास्त्र आहे’ अशी तडजोड. गुण मिळतात, प्रश्न मिटतो. या प्रस्तावनेत तो मिटू द्यायचा नाही, असे मी ठरवले आहे.

पुस्तकात ऑग्यूस्त काँतपासून आजपर्यंतच्या विचारवंतांची ओळख आहे. प्रकरणांत जे आहे ते इथे पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा या मंडळींना घोड आणि कुकडी नद्यांच्या खोऱ्यांत आणून उभे करू आणि त्यांना काय दिसते, काय दिसत नाही, ते पाहू. पुस्तकाचे पहिले वाचक जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या भागातले विद्यार्थी असणार आहेत. पॅरिस आणि बर्लिनमधले वाद त्यांनी पाठ करावेत, यापेक्षा ते वाद आपल्या गावाच्या वेशीपर्यंत कसे आले हे त्यांनी ओळखावे, अशी माझी अपेक्षा आहे.

२

काँतने १८३० ते १८४२ या काळात आपला सहा खंडांचा ग्रंथ लिहिला आणि १८३९ च्या सुमारास नव्या शास्त्राला ‘सोशिऑलॉजी’ हे नाव दिले. जाणायचे ते भाकीत करण्यासाठी आणि भाकीत करायचे ते ताबा मिळवण्यासाठी, असा त्याचा विश्वास होता. ग्रहगोलांचे नियम सापडले तसे समाजाचेही सापडतील, ही त्या काळातली मोठी उमेद होती. बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाने १८३५ साली ‘सरासरी माणूस’ मांडला, तोही याच उमेदीतून.

त्याच दशकात कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश महादेव कोळ्यांचा वृत्तान्त लिहीत होता. रामोशी आणि कोळी बंडांच्या बंदोबस्तावर असलेला हा अधिकारी. उमाजी नाईकांविरुद्धच्या मोहिमेत तो होता आणि रामोशांवरही त्याने पुस्तक लिहिले होते. त्याने कुळे नोंदवली, चालीरीती नोंदवल्या, नाईकांचा इतिहास विचारून घेतला. आजही त्या नोंदींवाचून अभ्यासकाचे पान हलत नाही. मात्र त्यामागचा प्रश्न बंदोबस्ताचा होता. कोण उठेल, कोणावर विसंबता येईल, कोणाला चाकरीत घेतले म्हणजे डोंगर शांत राहील, हे त्याला शोधायचे होते. मॅकिंटॉशने काँत वाचला असण्याची शक्यता नाही, पण जाणण्याचे आणि ताबा मिळवण्याचे नाते त्याला चांगले कळत होते.

पुढे १८७० च्या दशकात आंबेगावच्या जांभोरीचा होन्या केंगले सावकारांवर उठला. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांची खाती-रोखे जाळले गेले आणि दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने नेमलेल्या आयोगाला कारणे द्यायची होती. ‘हे लोकच असे’ एवढ्याने भागत नव्हते. कर्ज, सारा, कापसाच्या तेजीनंतरची मंदी, दिवाणी न्यायालयांतून होणारी जप्ती, असे धागे जोडावे लागले. समाजशास्त्राची पहिली पायरी ती हीच. माणसांच्या स्वभावात शोधलेले कारण तिथून उचलायचे आणि माणसामाणसांतल्या व्यवहारात शोधायचे. जोतीराव फुले यांनी १८८० च्या दशकात ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना हेच केले. विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघण्याआधी तीसपेक्षा जास्त वर्षे मराठीत हे काम सुरू झाले होते. अभ्यासक्रमात मात्र फुले फार उशिरा पोचले.

३

आता दुर्खीम, वेबर आणि मार्क्स या तिघांना आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात नेऊ. तिथे ‘पडकई’ नावाची रीत आहे. उताराच्या जमिनीवर भाताचे खाचर काढायचे तर दगड फोडावे लागतात, माती ओढावी लागते, बांध घालावे लागतात. एका घराच्याने ते होत नाही. म्हणून घरे एकत्र येतात, आज याच्या रानात तर उद्या त्याच्या रानात राबतात. मजुरी नसते, श्रमाची परतफेड श्रमानेच होते.

एमिल दुर्खीम इथे खूश झाला असता. १८९५ च्या पद्धतिशास्त्रावरच्या पुस्तकात त्याने बजावले की सामाजिक तथ्यांकडे वस्तूंसारखे पाहा. ती व्यक्तीच्या बाहेर असतात आणि व्यक्तीवर दाब टाकतात. पडकई कुणा एकाने काढलेली नाही आणि कुणा एकाच्या मर्जीने मोडत नाही. जो येत नाही त्याच्या खाचरावर पुढे कोणी जात नाही. १८९३ च्या श्रमविभागणीवरच्या ग्रंथात त्याने दोन प्रकारचे ऐक्य सांगितले, सारखेपणातून येणारे आणि वेगळेपणातून येणारे. पडकई पहिल्यात बसते असे वाटते. आंबेगावात काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेच्या प्रयत्नांतून पडकईची कामे रोजगार हमीत आली. मग प्रश्न उभा राहतो की मजुरी मिळू लागल्यावर ऐक्याचा प्रकार बदलतो, की जुन्या ऐक्याच्या जोरावरच नवे हजेरीपत्रक चालते? दुर्खीमचे म्हणणे असे की करारामागे करारात न लिहिलेले काहीतरी असावेच लागते. हे तपासून पाहता येते. जिथे पडकई होती आणि जिथे नव्हती अशा वाड्यांतली कामे शेजारी ठेवून पाहावीत.

मॅक्स वेबर तेवढ्यावर थांबला नसता. १९०४ सालच्या वस्तुनिष्ठतेवरच्या निबंधापासून तो सांगत राहिला की मनुष्याच्या कृतीला अर्थ असतो आणि तो कळल्याशिवाय कारण कळत नाही. एकजण पडकईला येतो कारण उद्या त्याला बैल लागणार आहेत. दुसरा मेहुण्याच्या रानात येतो. तिसरा लोक काय म्हणतील म्हणून येतो. बाहेरून पाहणाऱ्याला तिघांची कुदळ सारखीच दिसते. हिरड्याचेही तसेच. सरकारी खरेदीत जास्त भाव असताना एखादे घर बाळहिरडा व्यापाऱ्याला देते, तेव्हा त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे असते. पावसाळ्यात त्याच व्यापाऱ्याने धान्य उसने दिले असेल आणि पुढल्या पावसाळ्यातही तोच देणार असेल, तर त्या सौद्यात पुरेपूर हिशेब आहे.

कार्ल मार्क्स विचारील की उतारावरची ती जमीन कुणाच्या नावावर आहे? भात निघाल्यावर हीच माणसे नारायणगाव-मंचरच्या बागायतीत टोमॅटो आणि कांद्याच्या मजुरीला उतरतात, ती का? धरणाचे पाणी खाली गेले आणि धरणाखाली बुडाली ती जमीन वरच्यांची, हे कसे? डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याचे नाव राहिले, गाव राहिले नाही, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. मार्क्सची नजर इथे लागू पडते. पण १८५३ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात त्याने हिंदुस्थानातल्या खेड्याचे जे स्वयंपूर्ण, जगापासून तुटलेले चित्र रंगवले, ते जुन्नरने फार आधीच खोटे ठरवले होते. नाणेघाटातून सातवाहन काळात कोकणातल्या बंदरांकडे माल जात होता. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याचा लेख आहे, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचे लेख आहेत, यवन दात्यांची नावे आहेत. एम. एन. श्रीनिवास आणि ए. एम. शहा यांनी १९६० साली खेड्याच्या स्वयंपूर्णतेला मिथक म्हटले. त्याचा पुरावा शिवनेरीच्या परिसरात दगडात कोरलेला होता.

हेच लेख वेबरपुढेही प्रश्न टाकतात. भारतात कधीही न आलेल्या वेबरने १९१६-१७ मध्ये हिंदू आणि बौद्ध धर्मांवर लिहिताना श्रेणी आणि जात यांत फरक केला. इथे श्रेणी मागे पडली आणि जात वरचढ झाली, म्हणून नागर व्यापारी वर्गाची वाट वेगळी झाली, असा त्याचा रोख होता. जुन्नरचे कासार आणि बुरूड श्रेणीतून जातीत केव्हा व कसे गेले, हा आजही करण्याजोगा अभ्यास आहे.

तिघेही बरोबर, प्रत्येकाचा आपापला दृष्टिकोन, असे म्हणून पान उलटू नका. तो आळस झाला. तिघांचे दावे एकाच वाडीवर ठेवले तर ते एकमेकांशी भांडतात. कुठल्या ठिकाणी कोणाचे म्हणणे टिकत नाही हे दाखवता येते, म्हणूनच ते वाचण्याजोगे आहेत.

४

शास्त्र म्हणजे मोजमाप, अशी एक समजूत आहे. आपल्याकडे तिचा मोठा प्रयोग हर्बर्ट रिस्ले याने केला. १९०१ च्या जनगणनेचा हा प्रमुख. नाकाची रुंदी जितकी जास्त तितकी जातीची पायरी खालची, असे समीकरण त्याने आकड्यांनिशी मांडले. आकडे होते, कोष्टके होती, उपकरणे होती. शास्त्राचा सगळा सरंजाम हजर होता आणि निष्कर्ष तकलादू होता. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली जात आणि वंश यांवरच्या ग्रंथात त्याच आकड्यांची फेरतपासणी केली. उत्तर हिंदुस्थान सोडला तर हे समीकरण टिकत नाही, असे दाखवले. मोजमापाचा खोटेपणा त्यांनी मोजमापानेच उघड केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

घुर्यांची विद्यार्थिनी इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाकडे गेल्या आणि त्यांनी कवट्या मोजल्या. कवटीच्या विषमतेचा वंशाच्या श्रेष्ठत्वाशी संबंध निघत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आला. फिशरला अपेक्षित होता तो हा नव्हे. परत आल्यावर १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला. घुर्ये मानत की मूळ जात फुटत जाऊन पोटजाती झाल्या. कर्व्यांचे म्हणणे उलटे. वेगवेगळे सोयरे-गट एका धंद्याच्या किंवा नावाच्या छत्राखाली शेजारी शेजारी बसले, ते एकातून फुटलेले नाहीत. इथे गुरु-शिष्येचा मतभेद निव्वळ मताचा राहिला नाही. सोयरिकी, कुळे, शरीरमापे यांनी तो तपासता येत होता. ‘कोळी’ या एका नावाखाली महादेव कोळी, मल्हार कोळी, सोनकोळी अशी किती माणसे आहेत हे पाहिले की कर्व्यांच्या म्हणण्यातला जोर कळतो. पुढे याच नावाच्या घोळातून मोठा कायदेशीर प्रश्न उभा राहिला, त्याकडे येऊच.

मोजमापाशिवायची वाटही होती. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी कॉर्नेलमध्ये असताना १९०९ साली जातीच्या इतिहासावर पुस्तक काढले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी जातीवरचा निबंध वाचला. त्यात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या तपासून त्यांनी बेटीबंदीला जातीचा गाभा ठरवले. एवढ्यावर न थांबता ती बेटीबंदी टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह कसे कामाला लावले गेले, आणि वरच्यांचे अनुकरण होत होत ही रचना कशी पसरली, ही यंत्रणा त्यांनी उलगडली. एकही नाक न मोजता दिलेले हे स्पष्टीकरण रिस्लेच्या कोष्टकांपेक्षा कितीतरी जास्त शास्त्रीय आहे. कारण त्यातून तपासता येणारी विधाने निघतात.

५

१९१९ साली मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. १९२४ साली घुर्ये त्याचे प्रमुख झाले. १९४३ साली त्यांनी आदिवासींच्या भवितव्यावर पुस्तक लिहिले. आदिवासी म्हणजे हिंदू समाजात पुरते न मिसळलेले, ‘मागासलेले हिंदू’, ही त्यांची भूमिका. समोर व्हेरिअर एल्विन होते. आदिवासींना बाहेरच्या रेट्यापासून जपावे, असे ते सांगत. दोघांनीही पुरावे दिले. पण कोणते पुरावे महत्त्वाचे, हे एकाच्या राष्ट्रीय एकतेच्या काळजीने ठरवले आणि दुसऱ्याच्या आदिवासी जीवनावरच्या प्रेमाने. वेबर म्हणे की प्रश्न निवडताना मूल्ये येतात, ती यावीतच. उत्तर काढताना त्यांना बाहेर ठेवा. घुर्ये-एल्विन वादात ही सीमा किती वेळा ओलांडली गेली ते विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून पाहावे.

१९५७ साली घुर्यांचे महादेव कोळ्यांवरचे पुस्तक आले. मॅकिंटॉशनंतर सव्वाशे वर्षांनी याच डोंगरांवर एका समाजशास्त्रज्ञाची नजर पडली. त्यानंतर जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांवर मराठीत लिहिले. ते स्वतः याच समाजाचे, आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक होते. ज्यांच्याविषयी लिहिले जात होते, त्यांच्यातलाच माणूस लिहिणारा झाला.

इथवर हा अभ्यासकांचा इतिहास होता. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महादेव कोळी दाखल्याचेच एक प्रकरण आले. खोटे दाखले रोखण्यासाठी न्यायालयाने पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. जमातीची माहिती असलेला संशोधन अधिकारी समितीत असावा आणि दक्षता पथकाने घरी जाऊन दैवते, विधी, लग्नाच्या चाली, अंत्यसंस्काराची रीत तपासावी, असे ठरले. खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या जाऊ नयेत, हा हेतू रास्त होता आणि जुन्नर-आंबेगावात त्याची निकड मोठी होती. पण परिणाम असा झाला की ग्रंथातले वर्णन परीक्षेची उत्तरपत्रिका बनले. अर्जदाराने पुस्तकात आहे तसे सांगितले तर पाठांतराचा संशय. वेगळे सांगितले तर जमातीशी नाते नसल्याचा निष्कर्ष. शहरात दोन पिढ्या काढलेल्या खऱ्या महादेव कोळ्याने कुलदैवताच्या विधीचा तपशील चुकवला तर तो कोण?

२४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले की चालीरीतींवरून जमातीशी नाते ठरवणारी ही ‘आप्तभाव चाचणी’ अंतिम कसोटी मानता येणार नाही. स्थलांतराने, आधुनिकतेने आणि इतरांच्या सहवासाने चालीरीती बदलतात. आपल्या विषयाच्या भाषेत बोलायचे तर न्यायालयाने संस्कृती ही गोठलेली वस्तू मानायला नकार दिला.

अँथनी गिडन्स यांनी याचेच सैद्धान्तिक वर्णन केले आहे. समाजशास्त्रज्ञ लोकांच्या अर्थांचा अर्थ लावतो आणि लोक त्याची संज्ञा उचलून आपल्या व्यवहारात घालतात. मग व्यवहारच बदलतो. खोडदच्या ताऱ्याच्या बाबतीत असे घडत नाही. समाजशास्त्र अवघड आहे ते प्रयोगशाळा नाही म्हणून नव्हे. खगोलशास्त्रालाही ताऱ्यावर प्रयोग करता येत नाहीत. ते अवघड आहे कारण ज्याचा अभ्यास करायचा तोच अहवाल वाचतो, आणि वाचून वेगळा वागतो.

६

मग शास्त्रपणाची कसोटी काय? १९६१ साली ट्युबिंगेनला कार्ल पॉपर आणि थिओडोर अडॉर्नो यांची याच प्रश्नावर गाठ पडली. पॉपरचा आग्रह असा की दावा असा करा की तो खोटा ठरू शकेल, आणि मग टीकेला सामोरे जा. अडॉर्नोचे म्हणणे असे की समाजच विसंगतींनी भरलेला असताना सुटी सुटी विधाने तपासून समग्र चित्र हाती लागत नाही. तपासण्याच्या पद्धतीवरही सत्तेचा ठसा असतो. पडताळणी समितीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले तर अडॉर्नो पटतो. ‘अमुक चाली पाळणारा तो महादेव कोळी’ हे विधान एका खऱ्या अपवादाने कोसळते हे पाहिले तर पॉपर पटतो.

शास्त्रपणाचा हा वाद श्रीनिवासांच्या वाटचालीतही दिसतो. ते घुर्यांचे विद्यार्थी. पुढे ऑक्सफर्डला ते आधी रॅडक्लिफ-ब्राउन आणि मग इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या हाताखाली आले. पहिल्याला समाजाचे निसर्गविज्ञान हवे होते; दुसऱ्याने १९५० साली जाहीर केले की आपला विषय इतिहासाच्या जवळचा आहे. या दोन टोकांमध्ये घडलेल्या श्रीनिवासांनी पुस्तकातला समाज आणि प्रत्यक्ष पाहिलेला समाज यांतला फरक दाखवून दिला. १९७० साली स्टॅनफर्डच्या ज्या केंद्रात त्यांची कर्नाटकातल्या रामपुरा गावाविषयीची वर्गवारी करून ठेवलेली टिपणे आगीत जळाली, त्याच केंद्रात १९५८-५९ मध्ये विज्ञानाचा इतिहासकार टॉमस कून राहिला होता. सामाजिक शास्त्रांचे अभ्यासक मूलभूत गोष्टींवरच इतके भांडतात हे पाहून तो चकित झाला आणि त्यातून त्याला प्रतिमानाची कल्पना सुचली. श्रीनिवासांनी १९७६ साली प्रामुख्याने स्मरणातून पुस्तक लिहिले. त्याला शास्त्र म्हणायचे का? माझे उत्तर असे की रामपुरात पुन्हा जाऊन तपासता येईल इतके ते तपशीलवार असेल, तर म्हणायचे.

पुन्हा जाऊन तपासणे हे पुणे जिल्ह्याला नवे नाही. टॉमस कोट्स या डॉक्टरने १८२० साली लोणी गावाचे वर्णन केले. घुर्यांनी सव्वाशे वर्षांनंतरचे लोणीकंद पाहून १९६० साली पुस्तक काढले. हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागरची शेती आणि कर्जे तपासली. ते एकच गाव अपवाद असेल अशी शंका येताच कानिटकरांसह जातेगाव बुद्रुक गाठले आणि १९२१ साली दुसरा अहवाल दिला. आपल्याच निष्कर्षावर शंका घेऊन दुसरे गाव गाठणे, हे मला शास्त्राचे सर्वांत खरे लक्षण वाटते.

ताजे उदाहरण बिबट्याचे. ऊस वाढला, बिबटे उसात राहू लागले. २००१ पासून जुन्नर वन विभागात पिंजरे लावून बरेच बिबटे पकडले आणि जंगलांत नेऊन सोडले. माणसांवरचे हल्ले कमी व्हावेत, ही इच्छा. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की आधी वर्षाला सरासरी ४ असलेले हल्ले मोहीम सुरू झाल्यावर १७ वर गेले. अनोळखी जागी सोडलेला प्राणी जास्त धोकादायक ठरत होता. रॉबर्ट मर्टन यांनी १९३६ साली हेतुपूर्वक कृतीच्या अनपेक्षित परिणामांवर लिहिले, त्याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. पिंजरा लावा म्हणणारे गावकरी, दबावाखालचे अधिकारी, ऊस लावणारा शेतकरी, कारखाना, सारे समजून घेतल्याशिवाय हा आकडा कळत नाही. आणि आकडा नसता तर सर्वांना मोहीम यशस्वी वाटली असती. मोजणे आणि समजणे यांतले भांडण इथे मिटते.

७

शेवटचा वाद आपल्या घरातला आहे. २००२ साली गोपाळ गुरू यांनी विचारले की आपली सामाजिक शास्त्रे समतावादी आहेत का? सिद्धांत मांडणारे एका बाजूचे आणि माहिती पुरवणारे दुसऱ्या बाजूचे, ही ज्ञानातली वर्णव्यवस्था त्यांनी उघडी पाडली. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या दृष्टिभूमीतून समाजशास्त्राची फेरमांडणी केली. १९९५ साली लावणी कलावंतांवरच्या त्यांच्या लेखाने तमाशाचा अभ्यास लोककलेच्या कौतुकातून सोडवून जात, श्रम आणि लैंगिकता यांच्या चौकटीत आणला. तमाशाची पंढरी म्हणवणाऱ्या, तमाशा कलावंत विठाबाईंच्या नारायणगावात यात्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या लागतात आणि सुपाऱ्या ठरतात. तिथे बसून रेगे वाचाव्यात. एरवी ‘लोककला’ म्हणून दिसणारे सारे मग वेगळे दिसते.

म्हणून फक्त आतल्याच माणसाने लिहावे का? नाही. गारे यांचे लिखाण मौल्यवान आहे ते लेखक महादेव कोळी आहेत एवढ्याने नव्हे. बाहेरच्यांना न सापडलेले त्यांनी पुढे ठेवले आणि ते तपासायला खुले ठेवले, म्हणून. आतल्याचेही दावे चुकू शकतात. मात्र ज्यांच्यावर लिहिले त्यांना उत्तर द्यायला जागाच नसेल, तर चूक झाली हे कळायची एक मोठी वाट बंद होते. हा नैतिकतेचा मुद्दा आहेच, पण त्याआधी तो पद्धतीचा मुद्दा आहे.

तेव्हा माझा निवाडा असा. समाजशास्त्र शास्त्र आहे. पदार्थविज्ञानासारखे दिसते म्हणून नव्हे. त्याचे दावे पुन्हा त्या गावी जाऊन तपासता येतात आणि ज्यांच्याविषयी ते केले त्यांना खोडून काढता येतात, तेवढ्या प्रमाणात ते शास्त्र आहे. या कसोटीवर रिस्ले नापास होतो, आंबेडकरांचा १९१६ चा निबंध उत्तीर्ण होतो, आणि घुर्ये काही पानांवर पास, काही पानांवर नापास होतात. पुस्तकातल्या प्रत्येक विचारवंताला हीच कसोटी लावून वाचा. नावाचा दबदबा मध्ये येऊ देऊ नका.

विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांना प्रकल्पवही करायची आहे. वाडीवर जाल, आठवडे बाजारात बसाल, धरणग्रस्तांशी बोलाल. वही सादर करण्याआधी ती त्या माणसांना मराठीत वाचून दाखवा. त्यांनी दाखवलेल्या चुका, घेतलेले आक्षेप शेवटच्या पानावर जसेच्या तसे लिहा, आणि तुम्हाला ते पटले नसतील तर का, तेही लिहा. त्या पानाला आजच्या मूल्यमापनात वेगळे गुण नाहीत. ते असायला हवेत.